आभाळातून केलेली पाहणी

शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईची तहान भागवीत आले आहे आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. म्हणूनच अशा जलाशयांची आभाळातून होणारी पाहणी केवळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलाची बाब आहे, असे मला मुळीच वाटत नाही. मार्च १९८८ मध्ये आयआरएस-१ए हा उपग्रह अंतराळात गेला, तेव्हापासून भारताचे स्वतःचे दूरसंवेदन दप्तर सिद्ध होत आहे. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह तर दर पाच दिवसांनी दहा मीटरपर्यंतचा तपशील टिपतात. निर्मळ पाणी अवरक्त किरण बहुतांशी शोषून घेते, म्हणून चित्रात ते काळेभोर उमटते, आणि गढूळ पाणी तांबडा प्रकाश अधिक परतवते. एवढ्याशा भेदावरून डोंगरउतारांची किती माती भातसेच्या जलाशयात उतरली, याचा अदमास बांधता येतो. मुरबाड तालुक्यातील उघड्या माळांची धूपही अशाच चित्रांतून उमगते. मात्र आभाळातून सारेच दिसते असे नाही. हवेतील नायट्रोजन डायऑक्साइड सेंटिनेल-५पी हा उपग्रह मोजतो खरा, परंतु त्याच्या चित्रातील एकेक चौकोन काही किलोमीटरांचा असल्याने एका गावाची हवा त्यात वेगळी दिसत नाही. विहिरीतील रोगजंतू तर कोणत्याच उपग्रहाला दिसत नाहीत. त्यासाठी बाटली घेऊन पाड्यावर जावे लागते.