शंभर धोट्यांचं रेशीम

म्यानमारमधले लोक कमरेला जे गुंडाळतात त्याला आपण सरसकट ‘लुंगी’ म्हणून मोकळे होतो. तिथे पुरुषाचं ते पसो आणि बाईचं थमेइन. आजचं थमेइन शिवून नळीसारखं केलेलं असतं. एकोणिसाव्या शतकात ते पुढून उघडं असे, चालताना पाय दिसे. त्यात तीन तुकडे जोडलेले: कमरेशी सुती पट्टा, मध्ये नक्षीचं रेशीम आणि खाली जमिनीवर लोळणारा घोळ. नुसतं रेशीम कमरेवरून घसरतं, म्हणून सुती पट्टा. तो आजही टिकून आहे. घोळ मात्र गेला.

खरी गंमत मधल्या तुकड्यात आहे. लाटांवर लाटा असाव्यात तशी ही नक्षी, तिला अछेइक म्हणतात. तिचा सगळ्यात मानाचा प्रकार म्हणजे लुन-तया. ‘लुन’ म्हणजे धोटा, ‘तया’ म्हणजे शंभर. नाव अतिशयोक्तीचं वाटेल, पण नाही. इथे एकच आडवा धागा या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. प्रत्येक रंगाचा वेगळा छोटा धोटा. तो आपल्या लाटेपुरता जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि मागे वळतो. आपल्या पैठणीच्या पदरावरचा मोर असाच विणतात. फरक एवढाच की पैठणीत हा खटाटोप पदर आणि काठापुरता, तर लुन-तयामध्ये कापडाच्या सगळ्या रुंदीभर. म्हणून एका मागावर दोन विणकर शेजारी बसतात, आणि दिवसभरात कापड काही इंचच पुढे सरकतं.

हे काम मंडालेजवळच्या अमरपुऱ्यात होतं. बोदवपया राजाने १७८३ मध्ये वसवलेली ही राजधानी. ब्रह्मदेशाच्या फौजांनी मणिपूरवर पुन्हा पुन्हा स्वाऱ्या केल्या आणि हजारो माणसं धरून नेली. १८१९ ते १८२६ ही सात वर्षं मणिपूरमध्ये अजूनही ‘सात वर्षांची उद्ध्वस्तता’ म्हणूनच ओळखली जातात. त्या कैद्यांत रेशमाचे विणकरही होते आणि त्यातले बरेच अमरपुऱ्याच्या आसपास वसवले गेले. लुन-तयाचं तंत्र नेमकं कोणाचं, यावर वाद आहे. पण ब्रह्मी अभिमानाचं हे वस्त्र सांगताना या पकडून आणलेल्या हातांना वगळणं मला तरी पटत नाही.

अछेइक कोणी नेसायचं यावर दरबाराचे निर्बंध होते. १८८५ मध्ये इंग्रजांनी थिबा राजाला पदच्युत केलं. पुढे तो रत्नागिरीत राहिला आणि १९१६ मध्ये तिथेच वारला. राजाश्रय गेला, पण निर्बंधही गेले! राजघराण्याचं कापड हळूहळू नवरीचं कापड झालं. लग्नात आजही अछेइकच लागतं.

आता अडचण वेगळी आहे. त्याच लाटा यंत्रावर छापून स्वस्तात मिळतात, आणि लांबून फरक कळत नाही. घ्यायचंच झालं तर कापड उलटून बघा. छापलेल्या कापडाची मागची बाजू फिकी असते. लुन-तयात रंग धाग्यातच असतो, आणि दोन रंग जिथे भेटतात तिथे बोटाला बारीक सांधा लागतो.