तलावकाठची सहल : अंबाझरी कशी पाहावी

सुटीच्या दिवशी शिदोरी बांधून अंबाझरीस जाणे नागपूरच्या कुटुंबांना नवे नाही. तलावास लागून असलेले उद्यान १९५८ साली झाले. नागपुरास पाहुणी आलेली आपल्या खेड्यांतील मुलेही तेथे नेली जातात. मुले खेळतात, वडीलधारी मंडळी सावलीत बसतात, संत्री सोलली जातात आणि दिवस मावळतो. यात गैर काहीच नाही. परंतु ज्या पाण्याकाठी बसलो ते तेथे कोणी अडविले आणि पुढे कोठे जाते, हे मुलांस न दाखविता परतणे म्हणजे देवळात जाऊन गाभारा न पाहण्यासारखे होय.

तलाव निसर्गाने केला, अशीच बहुतेक मुलांची समजूत असते. ती प्रथम दूर करावी. शहराच्या पश्चिमेस लाव्याच्या टेकड्यांकडून नाग नदी येते. तिचे पाणी बांध घालून अडविले, तो अंबाझरी तलाव. १८७० च्या सुमारास नागपूरला पिण्याचे पाणी येथूनच मिळू लागले. आज ते मुख्यत्वे पेंच व कन्हान या नद्यांवरून येते.

मुलांना बांधावर उभे करून दोन्ही बाजूंस पाहावयास सांगावे. एकीकडे पाणी, दुसरीकडे सखल भागात वसलेले शहर. पाण्याची पातळी वर आहे आणि घरे खाली आहेत, ही गोष्ट मूल डोळ्यांनी पाहते तेव्हाच तिचा अर्थ त्याला उमगतो. मग सांडवा दाखवावा. तलाव भरला की जादा पाणी बांधावरून न जाता ठरलेल्या वाटेने बाहेर पडावे, यासाठी सांडवा असतो. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले तर माती धुपून बांधच फुटण्याचे भय असते. म्हणून सांडवा व त्यापुढील नाला मोकळा राहणे अत्यावश्यक आहे.

येथे थोडे गणितही करून घ्यावे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी होते. या हिशेबाने एक चौरस किलोमीटरवर शंभर मिलीमीटर पाऊस म्हणजे दहा कोटी लिटर पाणी! चौथीच्या मुलांनी हे शून्ये मोजून स्वतः काढावे. दिनांक २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांतच शंभर मिलीमीटरहून अधिक पाऊस झाला. अंबाझरी ओसंडून वाहिला, नाग नदीचे पात्र अपुरे पडले आणि झोपेतील हजारो घरांत पाणी शिरले. जीवितहानीही झाली. सांडव्याच्या व नदीच्या वाटेत झालेली बांधकामे त्यानंतर चर्चेचा व न्यायालयीन वादाचा विषय झाली. मुलांना हे भय घालण्यासाठी सांगू नये, पण लपवूही नये.

अलीकडच्या वर्षांत तलावावर जलपर्णी पसरलेली अनेकांनी पाहिली असेल. मुलांना ती हिरवळ सुंदर वाटते. वरच्या वस्त्यांचे सांडपाणी पाण्यात मिसळले की त्यातील पोषक द्रव्यांवर ही वनस्पती झपाट्याने वाढते. तिच्यामुळे ऊन खाली पोहोचत नाही, आणि ती कुजू लागली की पाण्यातील प्राणवायू कमी होऊन मासे मरतात. हेच पाणी नाग नदीतून कन्हानला, पुढे वैनगंगेला मिळते. नागपूरकरांनी टाकलेली घाण भंडाऱ्याकडील शेतकऱ्याच्या वाट्यास येते ती अशी.

आपल्या शाळा बहुतांशी खेड्यांत आहेत. सर्वांनाच अंबाझरीस जाणे जमेल असे नाही, आणि त्याची गरजही नाही. पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलाव हजारोंनी आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. त्यांनाही पाळ आहे, सांडवा आहे, पाणी येण्याची वाट आहे. गावच्या आजोबांस सोबत न्यावे. कोणत्या साली पाणी कोठवर आले होते, हे त्यांना बहुधा ठाऊक असते.

पावसाळा सरल्यावर, कार्तिक-मार्गशीर्षात निघणे उत्तम. उद्यान व नौकाविहार खुला आहे की नाही, याची निघण्यापूर्वी चौकशी करावी. पाण्यात कोणासही उतरू देऊ नये. वेलींत पाय अडकतो आणि तळाच्या गाळाचा अंदाज लागत नाही. संत्र्यांच्या साली व कागद परत आणण्यासाठी एक रिकामी पिशवी आईच्या शिदोरीबरोबरच घ्यावी, आणि ती धरण्याचे काम घरातील सर्वांत धाकट्याकडे द्यावे.