आधी बूच, मग पाणी

पहाटे साडेपाचला तळ्यावर पोचले तेव्हा गाड्या लावायची जागा रिकामी होती. पाण्यावर धुकं, पलीकडच्या काठावरून लून पक्ष्याची लांबलचक हाक आणि समोर पाण्यात शिरलेला काँक्रीटचा उतार. मिनेसोटात दहा एकरांहून मोठी ११,८४२ तळी आहेत आणि कितीतरी तळ्यांवर असा सार्वजनिक उतार आहे. काठावर घर नसलेल्या माझ्यासारखीलाही तिथून होडी सोडता येते, तीही बहुतेक ठिकाणी फुकट.

माझी होडी चौदा फुटी, ॲल्युमिनियमची. सगळी तयारी उतारावर जाण्याआधीच करायची, म्हणजे मागच्याचा खोळंबा होत नाही. पट्टे सोडायचे, लाइफ जॅकेट नि वल्ही आत ठेवायची, पुढे दोर बांधायचा आणि बूच लावायचं. होडीच्या मागच्या बाजूला, अगदी तळाशी पाणी काढून टाकायचं भोक असतं, त्याचं हे बूच. पहिल्या उन्हाळ्यात मी ते विसरले आणि धक्क्यापासून जरा पुढे गेल्यावर पायांशी पाणी आलं. तेव्हापासून बूच गाडीच्या किल्लीच्याच कडीत असतं.

मग ट्रेलर मागे घ्यायचा. स्टिअरिंग खालच्या बाजूला धरायचं. ट्रेलर जिकडे वळायला हवा, तिकडे हात न्यायचा. होडीची मागची बाजू तरंगू लागली की हँडब्रेक ओढून उतरायचं, हूक सोडायचा आणि दोर हातात धरून हलकेच लोटायचं. रुळांची खरखर थांबते. जमिनीवर चौघांनाही जड जाणारी होडी एका हातानं वळते.

परतताना मात्र घाई करायची नाही. बूच काढायचं, आतलं पाणी निथळू द्यायचं, ट्रेलरला गुंडाळलेल्या पाणवेली ओढून काढायच्या. रस्त्यावर होडी नेताना बूच काढलेलं असावं, असा इथे कायदाच आहे. त्यामागे आहे झेब्रा शिंपला: नखाएवढा, पट्टेरी. मूळचा काळा समुद्र आणि कॅस्पियनच्या भागातला. जहाजांत भरलेल्या पाण्यातून तो उत्तर अमेरिकेत आला. १९८८मध्ये सेंट क्लेअर तळ्यात सापडला, पुढच्याच वर्षी मिनेसोटातल्या डुलुथ बंदरात. त्याची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, होडीतल्या तांब्याभर पाण्यातूनही दुसऱ्या तळ्यात पोचतात. एकेक शिंपला दिवसाला लिटरभर पाणी गाळतो आणि माशांच्या पिल्लांच्या तोंडचा घास पळवतो. एकदा का तो तळ्यात पसरला, की त्याला हटवणं जवळपास अशक्य.

आमच्या गावी आजी घागर विसळल्याशिवाय विहिरीत सोडू देत नसे. विहीर सगळ्या वाडीची होती. या उतारावर पहाटे कुणी बघायला नसतं, तरी मी ट्रेलरखाली वाकून शेवटची पाणवेल काढते. हाही पाणवठाच आहे.