डाव्या बगलेचा राखणदार : नुनो मेंडेस

नुनो मेंडेस हा पोर्तुगालच्या राष्ट्रीय संघाचा आणि पॅरिस सेंट-जर्मेन, म्हणजे पीएसजी, या फ्रेंच क्लबचा डावा बचावपटू. पूर्ण नाव नुनो अलेक्सांद्रे ताव्हारेस मेंडेस. जन्म १९ जून २००२ रोजी लिस्बनजवळच्या सिंत्रा इथे झाला. वयाची तेवीस वर्षे पूर्ण होण्याआधीच त्याच्या खात्यात पोर्तुगालचे एक आणि फ्रान्सची चार लीग विजेतेपदे, क्लब फुटबॉलमध्ये युरोपात सर्वांत मोठा मानला जाणारा चॅम्पियन्स लीग करंडक आणि देशासाठी जिंकलेली नेशन्स लीग जमा झाली होती. फुटबॉलमध्ये मथळे आघाडीपटूंच्या वाट्याला येतात. बचावपटूचे नाव बहुधा त्याची चूक झाल्यावर छापून येते. मेंडेसचे मोठेपण मात्र त्याने कोणाकोणाला गप्प बसवले, त्या नावांवरून मोजावे लागते.

सिंत्रा म्हटले की पर्यटकांना डोंगरावरचे रंगीत राजवाडे आठवतात. त्याच सिंत्राच्या हद्दीत, लिस्बनकडे जाणाऱ्या लोकलच्या मार्गावर, दाट वस्तीची उपनगरेही आहेत. आफ्रिकेतल्या जुन्या पोर्तुगीज वसाहतींमधून आलेली असंख्य कुटुंबे तिथे राहतात. गोव्यातून १९६१ मध्ये गेलेली पोर्तुगीज सत्ता अंगोलात १९७५ पर्यंत टिकली. ती संपताना आणि पुढच्या यादवीच्या काळात हजारो लोक लिस्बनच्या आसपास येऊन स्थिरावले. मेंडेसचे घराणे मूळचे अंगोलाचे. मोझांबिकहून आलेल्या युसेबिओपासून पोर्तुगीज फुटबॉलचा मोठा हिस्सा याच इतिहासातून घडला आहे, आणि मेंडेस त्या परंपरेतला अलीकडचा खेळाडू.

देस्पेर्तार या स्थानिक क्लबात सुरुवात करून तो दहाएक वर्षांचा असताना लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबाच्या बालसंघात दाखल झाला. लुईस फिगो आणि क्रिस्तियानो रोनाल्डो याच क्लबातून पुढे आले. टागुस नदीच्या दक्षिणेला अल्कोशेत इथे क्लबाची प्रबोधिनी आहे. ती सुरू झाली २००२ मध्ये, मेंडेसच्या जन्माच्याच वर्षी. तिची ख्याती बगलेवरून धावणारे चपळ आघाडीपटू घडवण्याची. त्या मानाने तिथून आलेल्या नामांकित बचावपटूंची यादी लहान आहे.

मार्च २०२० मध्ये स्पोर्टिंगने रुबेन अमोरिम या तरुण प्रशिक्षकाला ब्रागा क्लबाकडून एक कोटी युरो मोजून आणले. प्रशिक्षकासाठी एवढी रक्कम, तीही पैशांची चणचण असलेल्या क्लबाने मोजलेली, म्हणून बरीच टीका झाली. लगेच करोनामुळे स्पर्धा थांबली. ती पुन्हा सुरू झाल्यावर, १२ जून २०२० रोजी, पासोस दे फेरेरा संघाविरुद्ध रिकाम्या प्रेक्षागृहांसमोर अमोरिमने मेंडेसला बदली खेळाडू म्हणून उतरवले. अठरा वर्षे पूर्ण व्हायला आठवडा बाकी होता. त्या हंगामापर्यंत डावी बाजू सांभाळणारा अर्जेंटिनाचा मार्कोस अकुन्या सप्टेंबरमध्ये सेव्हियाला गेला आणि ती जागा या मुलाची झाली.

अमोरिमची रचना मेंडेसच्या सोयीची होती. मागे तीन बचावपटू, त्यांच्या दोन्ही कडांना विंग बॅक. विंग बॅकने संपूर्ण बाजू एकट्याने सांभाळायची. चेंडू आपल्याकडे असताना आघाडीपटू व्हायचे, गेला की धावत मागे येऊन बचावपटू. उजवीकडे स्पेनचा पेद्रो पोरो, डावीकडे मेंडेस. या जोडीवर उभ्या राहिलेल्या संघाने २०२०-२१ च्या ३४ सामन्यांत २६ विजय मिळवले, सात सामने बरोबरीत सोडवले, एकच गमावला आणि अवघे २० गोल स्वीकारले. तो एकमेव पराभवही विजेतेपद निश्चित झाल्यानंतरचा. ११ मे २०२१ रोजी बोआव्हिश्ताला १-० असे हरवून स्पोर्टिंग १९ वर्षांनी पोर्तुगालचा विजेता ठरला. याआधीचे विजेतेपद २००२ च्या वसंतातले होते, मेंडेस जन्मण्याच्या थोडे आधीचे. क्लबाला विजेता झालेले त्याने आयुष्यात पाहिलेच नव्हते; पाहिले ते थेट मैदानातून.

दरम्यान क्लबाने त्याचा करार वाढवून सुटकेची रक्कम सात कोटी युरो केली होती. पोर्तुगालमध्ये खेळाडूच्या करारात असे कलम घालण्याची पद्धत आहे: तेवढे पैसे देणाऱ्याला क्लब अडवू शकत नाही. २४ मार्च २०२१ रोजी तो राष्ट्रीय संघाकडून पहिला सामना खेळला, अझरबैजानविरुद्ध. करोनाच्या निर्बंधांमुळे पोर्तुगालचा हा ‘घरचा’ सामना इटलीतल्या तुरीनमध्ये झाला. त्या उन्हाळ्यातल्या युरो स्पर्धेच्या चमूतही त्याची निवड झाली.

३१ ऑगस्ट २०२१ ला, खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या शेवटच्या दिवशी, पीएसजीने त्याला एका हंगामासाठी उसने घेतले. उसनवारीचे ७० लाख युरो, आणि नंतर हवा असल्यास चार कोटींच्या घरात कायमचा विकत घेण्याची मुभा, असा तो व्यवहार. बदल्यात पाब्लो साराबिया वर्षभरासाठी स्पोर्टिंगकडे गेला. पीएसजीने त्याच उन्हाळ्यात लिओनेल मेस्सीला आणले होते, त्यामुळे जगाचे लक्ष या व्यवहाराकडे फारसे गेले नाही. मे २०२२ मध्ये क्लबाने मुभा वापरली आणि मेंडेस कायमचा पॅरिसकर झाला. पहिल्याच वर्षी त्याची फ्रेंच लीगच्या सर्वोत्तम अकरांत निवड झाली होती.

मेस्सी, नेमार आणि किलियन एम्बाप्पे एकत्र खेळत असलेल्या त्या संघात पुढचे तिघे बचावासाठी मागे येत नसत. त्यांच्या वाटचे धावणे मागच्यांना करावे लागे, आणि मेंडेसकडे ते करण्याचा वेग होता. मात्र या वेगाची किंमत लवकरच चुकवावी लागली. कतारच्या विश्वचषकात २८ नोव्हेंबर २०२२ रोजी उरुग्वेविरुद्ध मध्यंतरापूर्वीच त्याच्या मांडीला दुखापत झाली आणि तो रडतच मैदानाबाहेर आला. स्पर्धा तिथेच संपली. पोर्तुगाल पुढे उपांत्यपूर्व फेरीत मोरोक्कोकडून हरला. त्या मोरोक्कोचा उजवा बचावपटू होता मेंडेसचा पीएसजीतला सहकारी अश्रफ हकिमी.

त्याहून कठीण काळ २०२३ मध्ये आला. मांडीच्या मागच्या स्नायूची, म्हणजे हॅमस्ट्रिंगची, दुखापत शस्त्रक्रियेपर्यंत गेली. क्रिकेटमधल्या वेगवान गोलंदाजांमुळे हा शब्द मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. पूर्ण वेगाने धावताना पाय पुढे फेकला जातो आणि जमिनीला टेकण्याआधी त्याला लगाम घालण्याचे काम हा स्नायू करतो. त्या क्षणी तो ताणलेलाही असतो आणि आवळलेलाही. म्हणून ही दुखापत जास्त करून भरधाव धावणाऱ्यांनाच गाठते, आणि एकदा झाली की पुन्हा होण्याची धास्ती राहते. मेंडेस मैदानात परतला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये.

तोवर पीएसजी बदलू लागला होता. मेस्सी आणि नेमार गेले होते, लुईस एन्रिके प्रशिक्षक झाले होते आणि २०२४ च्या उन्हाळ्यात एम्बाप्पेही रेआल माद्रिदला गेला. तारांकित नावांऐवजी तरुण, सतत पळणारे खेळाडू आले. विटिन्या, झुआंव नेव्हेस आणि गोन्सालो रामोस हे तीन पोर्तुगीज मेंडेसच्या सोबतीला होतेच. जानेवारी २०२५ मध्ये नापोलीहून जॉर्जियाचा ख्विचा क्वारात्सखेलिया डाव्या आघाडीला आला. एन्रिकेंच्या रचनेत पुढचे खेळाडूही चेंडू परत मिळवायला झटतात. त्यामुळे मेंडेसवरचा भार विभागला गेला आणि त्याच्या चढाया निवडक, म्हणून धोकादायक झाल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये क्लबाने त्याचा करार २०२९ पर्यंत वाढवला.

यानंतरचे चार महिने त्याच्या कारकिर्दीतले सर्वांत भरगच्च. ते समजायला डाव्या बचावपटूचे काम कसे बदलले ते पाहावे लागते. पूर्वी प्रतिस्पर्ध्याचा उजवा विंगर बहुधा उजव्या पायाचा असे. तो बाहेरच्या रेषेलगत पळत जाऊन क्रॉस मारायचा, आणि त्याला अडवायला बचावपटूचा डावा पाय नेमका जागेवर असायचा. आता त्या जागी मुद्दाम डाव्या पायाचा खेळाडू ठेवतात. तो आतल्या बाजूला वळतो, म्हणजे डावखुऱ्या बचावपटूच्या कमजोर पायाकडे, आणि तिथून थेट गोलवर फटका मारतो. लिव्हरपूलचा मोहम्मद सालाह, आर्सेनलचा बुकायो साका, बार्सिलोनाचा लामिन यमाल हे तिघेही याच प्रकारचे. मेंडेस यांच्यासमोर उभा राहतो तेव्हा पाय टाकण्याची घाई करत नाही. शरीर किंचित आतल्या बाजूला ठेवून तो आतली वाट बंद करतो आणि समोरच्याला बाहेर जायला भाग पाडतो. बाहेर कोणी निसटलाच, तर त्याला पुन्हा गाठण्याइतका वेग त्याच्याकडे आहे. हा धोका पत्करणे सगळ्यांना परवडत नाही.

५ मार्च २०२५ रोजी पॅरिसमध्ये याची परीक्षा झाली. चॅम्पियन्स लीगच्या उपउपांत्यपूर्व फेरीच्या पहिल्या सामन्यात पीएसजीने २७ फटके मारले, लिव्हरपूलने अवघे दोन. त्या हंगामात इंग्लंडमध्ये गोलांचा सपाटा लावलेल्या सालाहला मेंडेसने हलू दिले नाही. शेवटी ८६ व्या मिनिटाला सालाहला बाहेर काढून हार्वी एलियटला उतरवण्यात आले, आणि त्याने लगेच गोल करून लिव्हरपूलला १-० असे जिंकून दिले. बचावपटूच्या नशिबाची थट्टा याहून मोठी असू शकत नाही. परतीच्या सामन्यात लिव्हरपूलच्या मैदानावर पीएसजीने १-० ने हिशेब चुकता केला आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये ४-१ अशी बाजी मारली. सालाहला दोन्ही सामन्यांत मैदानी गोल मिळाला नाही.

पुढची फेरी ॲस्टन व्हिलाशी. इथे मेंडेसने बचावापेक्षा गोलांनी संघ तारला. पॅरिसमध्ये भरपाई वेळेत त्याने बचावपटूला आणि विश्वविजेत्या अर्जेंटिनाच्या एमिलियानो मार्टिनेझ या गोलरक्षकाला चकवून तिसरा गोल केला. तेव्हा तो शोभेचा वाटला होता. बर्मिंगहॅममध्ये हकिमीपाठोपाठ मेंडेसनेही गोल केला, पण मग व्हिलाने तीन गोल लागोपाठ चढवले. एकूण निकाल ५-४ असा राहिला. त्या पाचांतले दोन डाव्या बचावपटूचे होते.

उपांत्य फेरीत साकाने परतीच्या सामन्यात एक गोल केला, पण आर्सेनल दोन्ही सामने हरला. ३१ मे रोजी म्युनिकमध्ये अंतिम सामन्यात पीएसजीने इंटर मिलानचा ५-० असा फडशा पाडला. युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात इतक्या फरकाने कोणी जिंकले नव्हते. इंटरचा उजवा विंग बॅक डेन्झेल डम्फ्रीस याने उपांत्य फेरीत बार्सिलोनाच्या मैदानावर दोन गोल केले होते. म्युनिकमध्ये तो निष्प्रभ राहिला. १९९३ मध्ये मार्सेने हा चषक जिंकला होता, तोही म्युनिकमध्येच. पीएसजी तो जिंकणारा दुसरा फ्रेंच क्लब. मेंडेसची स्पर्धेच्या सर्वोत्तम संघात निवड झाली.

आठवडाभरात तो पुन्हा म्युनिकमध्ये होता, आता देशाच्या जर्सीत. नेशन्स लीगच्या उपांत्य सामन्यात पोर्तुगालने जर्मनीला २-१ असे हरवले. रोनाल्डोचा विजयी गोल मेंडेसच्या पासवर झाला. ८ जूनच्या अंतिम सामन्यात गाठ पडली स्पेनशी, आणि यमालशी. स्पेनने आघाडी घेतली, पाचच मिनिटांत मेंडेसने डाव्या पायाने बरोबरी साधली. स्पेन पुन्हा पुढे गेल्यावर, उत्तरार्धात मेंडेसचाच क्रॉस एका स्पॅनिश पायाला लागून रोनाल्डोपर्यंत पोहोचला आणि २-२ झाले. यमालला मात्र त्या संध्याकाळी सूर सापडला नाही. जादा वेळेत त्याला बाहेर बोलावण्यात आले. पोर्तुगालने शूटआऊट ५-३ असे जिंकले, त्यात एक पेनल्टी मेंडेसची. सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्यालाच मिळाला. चाळिशीतल्या रोनाल्डोच्या अश्रूंची छायाचित्रे जगभर छापली गेली, त्यामुळे ही बातमी खालच्या रकान्यात गेली.

त्याच्या खेळाची फट त्यानंतर महिन्याभरातच दिसली. १३ जुलै रोजी न्यू जर्सीमध्ये क्लब विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात चेल्सीने पीएसजीला ३-० असे हरवले. चेल्सीची योजना उघड होती: मेंडेस वर चढतो, तर त्याच्या मागे सुटणाऱ्या मोकळ्या जागेत लांब चेंडू टाकायचे. पहिला गोल तसाच झाला. गोलरक्षकाच्या लांब किकचा मेंडेसला अंदाज आला नाही, चेल्सीचा मालो गुस्तो आत घुसला आणि कोल पामरने चेंडू जाळ्यात धाडला. नेहमीचा सहकारी विल्यान पाचो निलंबनामुळे शेजारी नव्हता, हे कारण खरे असले तरी पुरेसे नाही. चढाई करणाऱ्या प्रत्येक बचावपटूच्या पाठीमागे ती जागा राहतेच, आणि आता प्रतिस्पर्ध्यांना ती कुठे शोधायची ते ठाऊक झाले आहे.

ऑगस्टमध्ये उदिने इथे टॉटेनहॅमविरुद्धच्या युरोपीय सुपर कपमध्ये पीएसजीने दोन गोलांची पिछाडी भरून काढली. शूटआऊटमधली निर्णायक पेनल्टी मेंडेसने मारली. २२ सप्टेंबरला जाहीर झालेल्या बॅलन डी’ओर पुरस्काराच्या क्रमवारीत तो दहावा आला. पहिल्या दहांत बचावपटू दोनच होते, सहावा हकिमी आणि दहावा तो. ऑक्टोबरमध्ये बार्सिलोनाच्या मैदानावर पीएसजी २-१ ने जिंकला, तेव्हा डावीकडून मुसंडी मारून सहकारी सेनी मायुलूला बरोबरीचा गोल त्यानेच करून दिला. नोव्हेंबरमध्ये बायर्नविरुद्ध गुडघा दुखावला आणि काही आठवडे पुन्हा विश्रांतीत गेले.

डिसेंबर २०२५ मध्ये कतारमध्ये ब्राझीलच्या फ्लामेंगोविरुद्ध आंतरखंडीय चषकाचा निकालही पेनल्टींवरच लागला. पीएसजीचे डेम्बेले आणि बार्कोला चुकले. संघासाठी गोल करणारे दोघेच, विटिन्या आणि मेंडेस. गोलरक्षक सफोनोव्हने चार फटके अडवले आणि चषक २-१ असा पॅरिसला आला.