समाजमाध्यमे आणि वैज्ञानिक विधानाच्या मर्यादा

वैज्ञानिक विधान कधीही एकटे नसते. ते ज्या परिस्थितीत सिद्ध झाले ती परिस्थिती व त्याच्या व्याप्तीची मर्यादा ही त्याची अविभाज्य अंगे होत. शोधनिबंधात ती विधानासोबत राहतात. परंतु समाजमाध्यमांवर मजकूर हातोहात पुढे जाताना नेमकी हीच अंगे गळून पडतात.

या दृष्टीने २०२० सालचे एक उदाहरण उद्बोधक आहे. २२ मार्च रोजी भारतात सकाळी ७ ते रात्री ९ असा चौदा तासांचा जनता कर्फ्यू पाळण्यात आला. त्या सुमारास व्हॉट्सॲपवरून असा मजकूर पसरला की, कोरोना विषाणू एका जागी बारा तासच जगतो. सबब चौदा तास कोणी बाहेर न पडल्यास संसर्गाची साखळी तुटेल. या अनुमानात दोन दोष होते. विषाणूचे मुख्य अधिष्ठान बाधित मनुष्याचे शरीर हे होय, आणि तेथे तो अनेक दिवस टिकतो. शिवाय बारा तासांच्या सरसकट आकड्यास आधार नव्हता. पाचच दिवसांपूर्वी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संसर्गक्षम विषाणू तांब्यावर ४ तासांनंतर व पुठ्ठ्यावर २४ तासांनंतर आढळला नव्हता. प्लॅस्टिकवर मात्र तो ७२ तासांपर्यंत आढळला होता.

अधिक विचारणीय बाब ही की, या प्रमाणभूत आकड्याचीही पुढे तीच गत झाली. प्रयोगशाळेतील ठराविक तापमानात व आर्द्रतेत प्लॅस्टिकवरील विषाणूचे प्रमाण दर सुमारे सात तासांनी निम्मे होत होते. म्हणजे तीन दिवसांच्या अखेरीस मुळाचा सहस्रांशही उरत नव्हता. लोकांपर्यंत पोहोचले ते केवळ ‘७२ तास’ हे शब्द. परिणामी घरोघरी भाजी व दुधाच्या पिशव्या धुण्याचा खटाटोप सुरू झाला. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून संसर्ग होण्याची शक्यता सामान्यतः दहा हजारांत एकाहून कमी असल्याचे नमूद केले. तात्पर्य, असत्य विधान जसे दिशाभूल करते, तसेच मर्यादांपासून तुटलेले सत्य विधानही करू शकते.

यावर माध्यमचालकांचे उपाय अपुरे पडतात. वारंवार पुढे पाठविलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल, असे बंधन व्हॉट्सॲपने एप्रिल २०२० मध्ये घातले. अशा बंधनाने प्रसाराचा वेग मंदावतो. गळालेला संदर्भ मात्र परत येत नाही.

म्हणून ही जबाबदारी मूळ लेखकावरच येते. सविस्तर लेखाचा दुवा मागे राहतो आणि एखादे वाक्य किंवा चित्र तेवढे पुढे जाते, हे त्याने गृहीत धरले पाहिजे. आकडा, त्याची अट, त्याचा व्यावहारिक अर्थ आणि दिनांक ही चारही अंगे त्या लहानात लहान घटकातच गुंफली जावीत. ‘प्लॅस्टिकवर विषाणू तीन दिवसांपर्यंत आढळला’ या वाक्यास ‘परंतु दर सात तासांनी तो निम्मा होत गेला’ हे दुसरे वाक्य जोडण्यास फारशी जागा लागत नाही. संक्षेप करताना विशेषणे गाळावीत, अटी गाळू नयेत.