कापलेला कर कोणाच्या खात्यावर?

नोव्हेंबर २०२२ मधील एका संध्याकाळी आमच्या रुग्णालयातील शस्त्रक्रियागृहाच्या प्रमुख सिस्टर माझ्या खोलीत आल्या. चोवीस वर्षे त्या आमच्याकडे होत्या. राहणे घडियाळी पोळेत. लग्नसराईत त्या पोळेतून मांडवीपर्यंत यायचे म्हणजे साड्या-दागिन्यांच्या गिऱ्हाइकांतून अक्षरशः वाट काढावी लागते. पण इतक्या वर्षांत सिस्टरांना ड्यूटीवर उशीर झाल्याचे मला आठवत नाही. त्या दिवशी त्यांच्या हातात आयकर खात्याची सूचना होती. २०२१-२२ या आर्थिक वर्षाचा २३,४०० रुपये कर भरलेला दिसत नाही, सबब व्याजासह सुमारे २६ हजार रुपये भरावेत, असे तीत म्हटले होते.

"डॉक्टरसाहेब, पगारातून दरमहा कर कापला जात होता ना? मग हा आणखी कसला?"

मी म्हणालो, "सिस्टर, एजन्सीला कळवतो. ते बघून घेतील."

हे उत्तर किती चुकीचे होते ते उमगायला मला सात महिने लागले. आपल्या मंडळाचे कित्येक सभासद दुहेरी भूमिकेत असतात. कोठे आपण स्वतः पगारदार किंवा मानधनावरचे सल्लागार असतो, तर कोठे आपल्याच छोट्या रुग्णालयात दहा-वीस जणांचे मालक. पगाराचे काम बहुधा बाहेरच्या एजन्सीकडे सोपविलेले असते, आणि महिनाअखेरीस तिने पाठविलेल्या कागदावर सही करण्यापलीकडे आपला त्याच्याशी संबंध उरत नाही. माझाही नव्हता.

सिस्टरांचा पगार तेव्हा ५२,००० रुपये होता. वर्षाचे ६,२४,००० रुपये. त्यातून ५०,००० ची प्रमाणित वजावट, २,४०० रुपये व्यवसाय कर आणि २१,६०० रुपये भविष्य निर्वाह निधी वजा जाता करपात्र उत्पन्न साडेपाच लाख. जुन्या पद्धतीने त्यावर २२,५०० रुपये कर आणि चार टक्के उपकर, एकूण २३,४००. आमच्या हिशेबात हे सारे बरोबर होते. रक्कम कापली होती आणि चलनाने वेळेवर सरकारजमाही झाली होती. सिस्टरांना मिळालेल्या फॉर्म १६ वरही हेच आकडे होते आणि त्यांचा पॅन क्रमांकही अचूक होता.

चूक निराळ्या ठिकाणी होती. कर कापणाऱ्या प्रत्येक मालकाला दर तिमाहीस २४ क्यू नावाचे विवरणपत्र खात्याकडे दाखल करावे लागते. कोणाच्या पगारातून किती कर कापला आणि तो कोणत्या चलनाने भरला, हे त्यात पॅन क्रमांकासह नोंदलेले असते. खात्याला कळते ते केवळ या विवरणपत्रातून. आमच्याकडे त्याच आडनावाची एक स्वागतिका होती. ती नोकरी सोडून गेलेली. एजन्सीतील कोणीतरी तिचा पॅन क्रमांक सिस्टरांच्या नावापुढे चिकटविला आणि चारही तिमाहींत तोच पुढे चालत राहिला. सिस्टरांनी कष्टाने मिळविलेल्या पैशांतून कापलेला कर वर्षभर दुसरीच्या खात्यावर जमा होत होता, आणि त्या बिचारीला त्याचा पत्ताही नव्हता. तिने विवरणपत्र भरून त्या रकमेचा परतावा घेतला असता, तर गुंता कितीतरी वाढला असता.

मग फॉर्म १६ बरोबर कसा? तर तो एजन्सीने आपल्या संगणकावर स्वतःच तयार केला होता. वास्तविक फॉर्म १६ चा भाग 'अ' खात्याच्या 'ट्रेसेस' या व्यवस्थेतूनच उतरवून द्यावा लागतो, आणि २०१८-१९ या वर्षापासून पगाराचा तपशील असलेला भाग 'ब' देखील. ट्रेसेसमधून निघालेल्या फॉर्मवर त्या व्यवस्थेचे बोधचिन्ह आणि प्रमाणपत्र क्रमांक असतो. आमच्या फॉर्मवर दोन्ही नव्हते. रुग्णाच्या रक्ताच्या अहवालावर प्रयोगशाळेचे नाव नसेल, तर आपण तो बाजूला सारतो. या कागदाकडे मात्र मी एकदाही निरखून पाहिले नव्हते. सिस्टरांनी विवरणपत्र भरण्यापूर्वी २६ एएस हा आपला करखात्याचा उतारा उघडला असता, तर तो रिकामा दिसला असता. पण त्यांनी ते का करावे? मालकाने दिलेल्या कागदावर त्यांनी विश्वास ठेवला, इतकेच.

मी एजन्सीला फोन केला. "पुढच्या तिमाहीत बघू," असे उत्तर आले. पुढच्या तिमाहीत आणखी पुढची तिमाही आली. जून २०२३ मध्ये सिस्टरांच्या मुलाने मांजलपूर भागात घर घेण्यासाठी कर्जाचा अर्ज केला. सिस्टर सहअर्जदार होत्या. बँकेने दोन वर्षांचे फॉर्म १६ आणि २६ एएस मागितले. दोहोंचा मेळ बसेना, शिवाय खात्याची मागणी थकीत दिसे. बँकेने अर्ज अडकवून ठेवला. बिल्डरला बाना म्हणून दिलेली रक्कम बुडण्याची वेळ आली. तेव्हा सिस्टर मला काही बोलल्या नाहीत. त्या न बोलण्याची मला जास्त लाज वाटली.

त्यानंतर मी स्वतः एका सनदी लेखापालांसमोर जाऊन बसलो. त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितले, "डॉक्टर, कायद्याच्या दृष्टीने तुमची एजन्सी अस्तित्वातच नाही. टॅन तुमचा आहे, कर कापणारे तुम्ही आहात." चुकीचे विवरणपत्र मालकाच्या नावावर असते आणि त्याची दुरुस्तीही मालकालाच करावी लागते. कापलेला कर भरण्यास उशीर झाला, तर दरमहा दीड टक्का व्याज मालकावर. विवरणपत्र उशिरा गेले, तर दिवसाला २०० रुपये शुल्क त्याच्याच माथी. फॉर्म १६ मुदतीत, म्हणजे १५ जूनपर्यंत, न दिल्यास होणारा दंड २०२२ पासून दिवसाला १०० वरून ५०० रुपयांवर गेला आहे. कापलेला कर सरकारजमाच केला नाही, तर तुरुंगवासाची तरतूद आहे. ज्याचे नुकसान होते तो कर्मचारी मात्र स्वतः एक अक्षरही बदलू शकत नाही.

आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत आहेत. तेथेही पगाराचे काम दुसऱ्या कंपनीकडे दिल्याने मालक करातून सुटत नाही. पण तेथील डब्ल्यू-२ हा वार्षिक पगारपत्रक-फॉर्म मिळाला नाही किंवा मालक तो सुधारीत नसेल, तर कर्मचारी पगाराच्या पावत्यांवरून ४८५२ क्रमांकाचा पर्यायी फॉर्म स्वतः भरून आपले विवरणपत्र सादर करू शकतो. आपल्याकडे अशी सोय नाही.

आमच्या बाबतीत पुढे झाले ते असे. चारही तिमाहींची दुरुस्ती-विवरणपत्रे दाखल करून पॅन क्रमांक बदलला. (एजन्सीने या दुरुस्तीचे शुल्क मागितले, हे वाचकांच्या करमणुकीसाठी नमूद करतो.) ती मंजूर होताच सिस्टरांच्या २६ एएसमध्ये कराची नोंद उमटली. मग ट्रेसेसमधून नवा फॉर्म १६ काढला. मागणी मान्य नसल्याचे खात्याच्या संकेतस्थळावर त्यांच्याकडून नोंदविले आणि कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मागणी शून्य झाल्याचा आदेश आला. हा क्रम उलटून चालत नाही. मालकाची दुरुस्ती होण्याआधी कर्मचाऱ्याने कलम १५४ चा अर्ज केला, तर संगणक तीच जुनी नोंद पाहून तीच मागणी पुन्हा पाठवितो.

मालक दाद देत नसेल, किंवा कर कापून तो भरलाच नसेल, तेव्हा काय? १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम २०५ म्हणते की, ज्या उत्पन्नातून कर कापला गेला आहे, त्याचा तेवढा कर उत्पन्न मिळविणाऱ्याकडून पुन्हा मागता येणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये एका पगारदाराच्या बाजूने हेच ठरविले. आपल्या गुजरात उच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये आणि पुढे २०२१ मध्ये तसाच निर्णय दिला. या दुसऱ्या प्रकरणातील अर्जदार किंगफिशर एअरलाइन्सचा वैमानिक होता. कंपनीने त्याच्या पगारातून कर कापला, पण तो सरकारात भरला नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही जून २०१५ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१६ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना कळविले की अशा प्रकरणांत करदात्यावर सक्तीची वसुली करू नये. तरीही कर कापला गेला हे सिद्ध करावे लागतेच. त्यासाठी पगाराच्या पावत्या आणि पगार जमा झालेला बँकेचा उतारा जपून ठेवावा. ज्यांना पावतीच दिली जात नाही त्यांचे काय, हा प्रश्न आपल्या छोट्या रुग्णालयांनी स्वतःला विचारायला हवा.

डॉक्टरांच्या स्वतःच्या कागदांत आणखी एक घोळ नेहमी आढळतो. रुग्णालयाकडून मिळणारी रक्कम पगार आहे की व्यावसायिक मानधन? पगार असेल तर कलम १९२ खाली उत्पन्नाच्या टप्प्यानुसार कर कापला जातो आणि फॉर्म १६ मिळतो. मानधन असेल तर कलम १९४ जे खाली दहा टक्के, आणि फॉर्म १६ अ. यात चूक झाली की पुढचे सारे बदलते. पगारदाराला प्रमाणित वजावट मिळते, ती मानधनावर नाही. उलट मानधन घेणाऱ्याला आपला खर्च वजा करता येतो, किंवा एकूण प्राप्ती मर्यादेत असल्यास निम्मी रक्कम उत्पन्न धरण्याची सवलत घेता येते. सल्लागार डॉक्टर हे रुग्णालयाचे नोकर आहेत, असा खात्याचा आग्रह होता. अहमदाबादच्या अपोलो रुग्णालयाच्या प्रकरणात गुजरात उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये, आणि पुण्याच्या रुबी हॉल क्लिनिकच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये, तो मान्य केला नाही. करारावरील शीर्षकापेक्षा प्रत्यक्ष संबंध कसा आहे, हे पाहिले जाते. रजा, भविष्य निर्वाह निधी आणि सेवाशिस्तीचे नियम लागू आहेत का? बाहेर व्यवसाय करण्याची मोकळीक आहे का? तरुण डॉक्टरांनी नेमणुकीच्या पत्रावर सही करतानाच हे विचारून घ्यावे. मार्चअखेरीस विचारून उपयोग नसतो.

मुदतीचा मुद्दा सर्वांत निकडीचा आहे. पूर्वी मालकाला कितीही वर्षांनी दुरुस्ती-विवरणपत्र देता येत असे. १ एप्रिल २०२५ पासून त्यास सहा वर्षांची मर्यादा आली. १ एप्रिल २०२६ पासून अंमल असलेल्या २०२५ च्या नव्या आयकर कायद्याने ती दोन वर्षांवर आणली, आणि जुन्या अनेक तिमाहींसाठी ३१ मार्च २०२६ ही अखेरची तारीख जाहीर झाली. नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. येथे दिलेले क्रमांक १९६१ च्या कायद्याचे आहेत. आमच्या सिस्टरांची चूक दोन वर्षांच्या मर्यादेत सापडली. "पुढच्या तिमाहीत बघू" असे आणखी काही वेळा घडले असते, तर सापडली नसती.

घराचे कर्ज शेवटी मंजूर झाले. बिल्डरने मुदत वाढवून दिली, हा त्याचा चांगुलपणा. एजन्सीशी नवा करार करताना मी एक अट लिहून घेतली आहे: तिमाहीचे विवरणपत्र दाखल होण्यापूर्वी प्रत्येक कर्मचाऱ्याने आपले नाव, पॅन क्रमांक आणि कापलेली रक्कम असलेली ओळ पाहून तीपुढे सही करायची. पहिल्याच तिमाहीत सिस्टरांनी एका वॉर्डबॉयच्या पॅन क्रमांकातील चुकलेला आकडा मला आणून दाखविला.