श्रीरामपूरचें बाप्तिस्त विद्यालय व मराठी मुद्रणाचीं दफ्तरें

विल्यम केरीचा इ. स. १८१० सालचा, मोडी अक्षरांत छापलेला मराठी कोश पाहिला म्हणजे 'श्रीरामपूर कॉलेजाचा ग्रंथ' असें सहज तोंडांतून निघतें. हें विधान बरोबर नाहीं. चूक केवळ नांवाची असती तर तिचा विस्तार आम्हीं केला नसता; परंतु तिच्यामुळें मूळ साधनांचा शोध भलत्याच दफ्तरांत होतो, म्हणून तिचा उलगडा येथें करीत आहों.

या प्रकरणांत तीन निरनिराळ्या संस्था आहेत. बंगाल्यांत हुगळीच्या पश्चिम तीरावरील श्रीरामपूर त्या काळीं डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखालीं होतें. कंपनी सरकार मिशनऱ्यांस आपल्या मुलुखांत थारा देण्यास नाखूष असे; म्हणून केरी, मार्शमन व वॉर्ड या बाप्तिस्त पंथीयांनीं इ. स. १८०० सालीं तेथें ठाणें करून छापखाना काढला. ही पहिली संस्था. दुसरी कलकत्त्याचें फोर्ट विल्यम कॉलेज. कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांस देशभाषा शिकविण्यासाठीं तें होतें. केरी तेथें इ. स. १८०१ पासून अध्यापक असून पुढें मराठीहि शिकवूं लागला. त्याचें देवनागरींत छापलेलें मराठी व्याकरण (१८०५) व उपर्युक्त कोश हे या अध्यापनाच्या गरजेंतून निघाले, आणि छापले गेले मिशनच्या छापखान्यांत. तिसरी संस्था श्रीरामपूर कॉलेज. तें इ. स. १८१८ सालीं, म्हणजे कोशानंतर ८ वर्षांनीं, स्थापन झालें.

या विद्यालयाचा आरंभ ३७ विद्यार्थ्यांनीं झाला. एतद्देशीय ख्रिस्ती उपदेशक तयार करणें हा हेतु असला तरी इतर धर्मीयांसहि तेथें प्रवेश होता, व संस्कृत विद्या आणि पाश्चात्य शास्त्रें हीं दोन्ही शिकविण्याची योजना होती. ता. २३ फेब्रुवारी १८२७ रोजीं डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक यानें त्यास पदव्या देण्याची सनद दिली. इ. स. १८४५ सालीं श्रीरामपूर इंग्रजांकडे गेलें, परंतु तहांत विद्यालयाचे हक्क राखण्यांत आले. त्याच आधारावर धर्मशास्त्राच्या पहिल्या पदव्या इ. स. १९१५ सालीं दिल्या गेल्या, व इ. स. १९१८ च्या बंगालच्या कायद्यानें त्या अधिकारास नवी बळकटी आली.

आतां दफ्तरांविषयीं. ता. ११ मार्च १८१२ रोजीं छापखान्यास आग लागून कागद, खिळे व केरीच्या बहुभाषिक कोशाचीं हस्तलिखितें नष्ट झालीं. खिळे पाडण्याचे ठसे व मातृका मात्र वांचल्या. पुढें मालमत्तेच्या ताब्यावरून श्रीरामपूरकर व इंग्लंडांतील त्यांची मूळ मंडळी यांच्यांत वाद माजला व इ. स. १८२७ सालीं ते विभक्त झाले. १८३७ पर्यंत ही फूट टिकली. यामुळें एका बाजूचे कागद पाहून निर्णय करणें धोक्याचें आहे. मंडळीकडील कागद, ज्यांत वॉर्डची दैनंदिनी आहे, ते आज ऑक्सफर्ड येथील रीजंट्स पार्क कॉलेजाच्या अँगस ग्रंथालयांत आहेत. हें कॉलेजहि मूळचें बाप्तिस्त विद्यालयच, तें इ. स. १८१० सालीं लंडनजवळ स्टेपनी येथें सुरू झालें. श्रीरामपुरांतील संग्रह तेथील केरी ग्रंथालयांत आहे. फोर्ट विल्यम कॉलेज इ. स. १८५४ सालीं बंद झालें. त्याच्या कामकाजाच्या नोंदी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत आहेत.

या विभागणीचें महत्त्व एका उदाहरणानें स्पष्ट होईल. फोर्ट विल्यमचे मुख्य मराठी पंडित वैजनाथ यांचें साहाय्य केरीनें आपल्या व्याकरणाच्या प्रस्तावनेंत मान्य केलें आहे. ग्रंथ मात्र केरीच्या नांवानें ओळखला जातो. अशा पंडितांच्या नेमणुका, वेतनें व ग्रंथांस मिळालेला आश्रय यांचा माग मिशनच्या पत्रांपेक्षां फोर्ट विल्यमच्या नोंदींत लागण्याचा संभव अधिक. श्रीरामपूर कॉलेजाचें दफ्तर कितीहि चाळलें तरी १८१८ पूर्वींच्या पंडितांची नेमणूक त्यांत सांपडावयाची नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे. ग्रंथाच्या नोंदींत मुद्रणस्थळ, छापखाना, ज्या संस्थेसाठीं ग्रंथ झाला ती संस्था व लिपि हीं चारहि निरनिराळीं लिहावीं. प्रस्तावना आवर्जून वाचावी. आणि नवी बांधणी करतांना हस्तलिखित टिपणें असलेलीं जुनीं कोरीं पानें टाकून देऊं नयेत. ज्या पंडितांचीं नांवें मुखपृष्ठावर आलीं नाहींत, त्यांची एखादी खूण अशाच पानावर उरलेली असावयाची.